उजनीकाठच्या मासेमारीच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

सोलापूर जिल्ह्यात १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या डोहांवर जगणाऱ्या मच्छीमारांसमोर अफाट जलाशय आला. म्हणून जुन्या जाणत्यांना ‘पूर्वी कसे होते?’ असे मोघम विचारू नये, धरणाआधीचे आणि नंतरचे प्रश्न वेगळे ठेवावेत. माशांची नावे त्यांच्याच तोंडची लिहावीत: वाम, मरळ, कटला आणि आता जिकडेतिकडे सापडणारी चिलापी. जाळे हातात घेऊन त्याचा आस, म्हणजे छिद्राचा आकार, मोजावा, पूर्वी किती बोटे मावत तेही विचारावे. आस बारीक होत गेला असेल, तर मासा का घटला याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते, कारण पिल्ले वाढण्याआधीच अडकतात. आठवणीतला भाव जरा फुगलेलाच असतो, तेव्हा जुन्या पावत्या असल्यास त्यांचे फोटो काढावेत.