रॉमनी मार्शची चर्चेस बघायला जाताय? आधी जेवायचं टेबल बुक करा

केंटच्या दक्षिण टोकाला रॉमनी मार्श आहे, समुद्राला बांध घालून मिळवलेली सपाट जमीन, जिकडे तिकडे मेंढ्या आणि पाण्याचे चर, आणि त्यात मध्ययुगातली 14 चर्चेस अजून उभी आहेत. लंडनहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण नकाशावर 14 टिंबं बघून सगळी उरकायला निघू नका प्लीज, चार पुरे, फार तर पाच. आणि चर्चेस निवडायच्या आधी जेवण कुठे ते ठरवा, कारण इथली गावं अगदी लहान, खायला बहुतेक ठिकाणी एकच पब, त्याचं किचन दुपारी लवकर बंद होतं आणि मग क्रिस्पच्या पाकिटावर भागवावं लागतं. सोमवारी कितीतरी पब बंदच, रविवारी संडे रोस्टची गर्दी, म्हणून फोन करा, टेबल सांगून ठेवा आणि त्याच फोनवर व्हेज काय आहे तेही विचारून घ्या.

पब चर्चच्या अगदी जवळ आहेत हे एक बरं. आयव्हीचर्चला सेंट जॉर्ज चर्चशेजारी बेल इन, सेंट मेरी इन द मार्शला चर्चसमोर स्टार इन, ब्रुकलंडजवळ जुनं वूलपॅक. मासे खाणारे असाल तर माझं मत सरळ डंजनेसला, पायलट इनचे फिश अँड चिप्स नाहीतर किनाऱ्यावरच्या स्नॅक शॅकमधली ताजी मासळी, फक्त शॅक रोज उघडं नसतं, वारा-पाऊस बघून जा. गोडात केंटचा जिप्सी टार्ट कुठे दिसला तर सोडू नका, इव्हॅपोरेटेड मिल्क आणि ब्राउन शुगर फेटून करतात, आपल्या बासुंदीत गूळ घातल्यासारखी चव, एकाला अख्खा संपत नाही.

आता चर्चेस. फेअरफील्डचं सेंट थॉमस बेकेट सगळ्यात आधी ठेवा, सकाळी. शेताच्या मधोमध एकटं उभं आहे, गाव नाही, रस्ता नाही, 1913 च्या सुमारास बांध घालून वाट केली त्याआधी पावसाळी दिवसांत लोक होडीतून नाहीतर घोड्यावरून प्रार्थनेला यायचे. बाहेरून विटांचं दिसतं पण आत जुना लाकडी सांगाडा आहे, पांढरी बंदिस्त बाकं आणि तीन मजली पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा उंच ओटा. कुलूप असतं, किल्ली जवळच्या घरी मिळते, आदल्या दिवशी नेटवर बघून ठेवा. पायात वेली बूटच हवेत, व्हाइट स्नीकर्स घरी ठेवा. मेंढ्यांना पिल्लं होण्याचा सीझन असेल तर कुत्रा नेऊ नका, आणि फाटक उघडलं की मागे लावायचंच.

ब्रुकलंडला किमान तासभर काढा. घंटाघर चर्चच्या छपरावर नाही, शेजारी जमिनीवर उभं, लाकडी, एकावर एक तीन टोप्या ठेवल्यासारखं. आत बाप्तिस्म्याचं बाराव्या शतकातलं शिशाचं कुंड आहे, त्यावर वरच्या ओळीत राशी आणि खाली महिन्या-महिन्याची शेतीची कामं. मेष, वृषभ, मिथुन ओळखत गोल फिरा, आई-बाबा इंडियातून आलेले असतील तर त्यांना हे फार आवडतं, मुलांना आपापली रास शोधायला लावा. छोटा टॉर्च हवा, भिंतीवर थॉमस बेकेट या आर्चबिशपच्या हत्येचं पुसट चित्र आहे ते नुसत्या उजेडात नीट दिसत नाही.

न्यू रॉमनीच्या सेंट निकोलसला जायच्या आधी 1287 च्या वादळाबद्दल घरातच थोडं वाचून जा, नाहीतर तिथे गेल्यावर काही कळणार नाही. त्या वादळात नदीने पात्रच बदललं, बंदर गाळाने भरलं, आणि गाव इतकं उंच झालं की आज चर्चच्या दारात पायऱ्या उतरून जावं लागतं, खांबांवर पाण्याचे डाग दाखवतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना पायऱ्यांचं आधी सांगा. ओल्ड रॉमनीच्या सेंट क्लेमेंटमधली गुलाबी बाकं 1960 च्या दशकात डिस्नेच्या शूटिंगसाठी रंगवली होती, गावाला आवडली म्हणून तशीच ठेवली, तिथे अर्धा तास पुरतो. लिडच्या चर्चला वेळ उरला तरच.

बॅगेत काय घ्यायचं म्हणाल तर उन्हाळ्यातही विंडचीटर, कारण वाऱ्याला अडवायला झाडच नाही, थर्मासमध्ये चहा, थोडे ठेपले किंवा चिवडा, आणि सुटी नाणी नक्की. तिकीट कुठेच नाही, पण ही छपरं लोकांच्या देणगीवरच टिकतात, 1982 पासून एक ट्रस्ट त्यासाठी पैसे जमवतोय, तेव्हा डब्यात मनापासून टाका, काही न टाकता बाहेर पडू नका. टॉयलेट चर्चमध्ये मिळेलच असं नाही, पबमध्येच उरकून घ्या. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शक्यतो एप्रिल ते सप्टेंबर.

गाडी असेल तर अ‍ॅशफर्डलाच पेट्रोल भरा आणि नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. गाडी नसेल तर सेंट पँक्रसहून हायस्पीड ट्रेनने अ‍ॅशफर्ड, तिथून मार्शलिंक या लोकल रेल्वेने अ‍ॅपलडोर, आणि सायकल सोबत हवीच, कारण स्टेशनपासून चर्चेस लांब आहेत. परतीची गाडी साधारण तासाला एकच, तिची वेळ सकाळी निघतानाच फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.