छोट्या टाकीतील प्रवाळांची निगा

प्रवाळ दगडासारखे दिसत असले तरी ते प्राणी आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. पाणी एकाएकी तापले किंवा बिघडले की ही शैवाले निघून जातात, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि उपासमारीने मरूही शकतो. विस्तीर्ण समुद्रात ज्या बदलाला आठवडे लागतात, तो ४० लिटरच्या टाकीत एका रात्रीत घडतो; म्हणून माझ्या मते एखादा आकडा आदर्श असण्यापेक्षा तो रोज तोच असणे अधिक मोलाचे आहे.

सुरुवात बाष्पीभवनापासून करावी. पाणी उडून जाते, मीठ मात्र टाकीतच राहते. ४० लिटरमधून २ लिटर पाणी उडाले, तर दर हजारी ३५ असलेली क्षारता, म्हणजे पाण्यातील मिठाचे प्रमाण, ३७ च्या जवळ पोहोचते. तूट भरून काढताना मिठाचे पाणी घातले, तर क्षारता आणखी चढते; तेथे गोडे, आरओ-डीआय (विरघळलेले क्षारही काढून टाकणाऱ्या) गाळणीचेच पाणी घालावे, कारण नळाच्या पाण्यातून तांबे आणि फॉस्फेट येऊ शकतात आणि तांबे प्रवाळांना अगदी थोडेही सोसत नाही. टाकीच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीची एक बारीक रेघ लावावी आणि रोज ठरलेल्या वेळी पाणी त्या रेघेपर्यंत आणावे. एवढ्या साध्या सवयीने अर्धी संकटे टळतात. क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरावा आणि तो अधूनमधून प्रमाणित द्रावणावर तपासून घ्यावा.

तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे.

दर आठवड्याला सुमारे दहा टक्के पाणी बदलावे. नव्या पाण्यात मीठ पूर्ण विरघळून त्याची क्षारता व तापमान टाकीशी जुळल्यावरच ते ओतावे. केवळ मऊ प्रवाळ असतील, तर बहुधा एवढ्यावर भागते. कठीण सांगाड्याचे प्रवाळ मात्र सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत शोषून घेतात, त्यामुळे अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, सर्वांत आधी घसरते. ती ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रति लिटर असावे. अल्कलिनिटी खाली गेलेली दिसली, तरी घाईने वर नेऊ नये. दिवसाला एका डीकेएचपेक्षा जास्त वाढ करू नये. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा अट्टहासही टाळावा, कारण प्रवाळांना दोन्ही थोडे लागतात आणि अगदी निर्मळ पाण्यात त्यांचे रंग फिके पडतात.

नव्या टाकीत विषारी अमोनिया आणि नायट्राइट यांचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंची घडी बसायला साधारणतः महिना-दीड महिना लागतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाल्याखेरीज प्रवाळ आणू नयेत. आणलेला तुकडा आधी प्रवाळांसाठीच्या जंतुनाशक द्रावणात बुडवून किडी झटकाव्यात, मग तळाशी मंद उजेडात ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वर सरकवावा. पाण्याचा झोत थेट त्याच्यावर आदळू न देता वळसे घेत येईल, अशा बेताने पंप लावावा.

शेजार निवडतानाही जपावे. दिवसा फुललेला हॅमर प्रवाळ रात्री लांबलचक दंशक शुंडके बाहेर सोडतो आणि बोटभर अंतरावरच्या शेजाऱ्याला भाजून काढतो. दिवे विसावल्यावर विजेरीच्या उजेडात हे नीट पाहता येते. त्याच्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी.

झोअँथिड या लोकप्रिय प्रवाळांविषयी विशेष सावधगिरी हवी. त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. त्यांना हाताळताना वा कापताना हातमोजे आणि संरक्षक चष्मा घालावा, आणि ते वाढलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये वा कोरडा असताना घासू नये, कारण विषारी वाफ व तुषार श्वासावाटे शरीरात जातात.