अनोळखी समुद्रात कयाकवरून गरवायला जाताय? या चुका टाळा

मालवणच्या दक्षिणेला देवबागची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, तिथून कयाक (वल्ह्याची निमुळती छोटी होडी) पाण्यात घातली. पाणी तेलासारखं शांत होतं. होडीपाशी जाळं साफ करत बसलेल्या एका काकांनी विचारलं, "जातास ता ठीक. येतलास कधी?" मी म्हटलं, "दुपारी, मासे लागले की." त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "बारानंतर सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी. दुपारी दीडला परतताना त्या दोन शब्दांचा अर्थ कळला. खाडीतून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत होतं, समुद्रावरून वायव्येचा वारा त्याच पाण्यावर चाल करून जात होता, आणि तोंडावर उभ्या लाटांची रांग लागली होती. जीव खाऊन वल्हवत होतो, तरी काठावरचा एकच वाकडा माड वीस मिनिटं त्याच जागी दिसत होता.

तेव्हापासून कुठल्याही नव्या किनाऱ्यावर जायचं म्हटलं की मी आधी परतीची वेळ काढतो आणि त्यावरून निघण्याची ठरवतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

भरतीची फक्त वेळ बघणं

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर पोराटोरांनाही येतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या. पण हा मुंबईचा हिशेब आहे. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, त्यामुळे मालवणात ती साधारण पाऊण-एक तास आधी लागते. मुंबई-पुण्याकडची मंडळी मुंबईचं कोष्टक घेऊन येतात आणि पहिली चूक तिथेच होते. जवळच्या बंदराचं कोष्टक घ्या आणि जेट्टीवर एकदा विचारून खात्री करा.

वेळेहून महत्त्वाचं म्हणजे पाणी कधी किती जोरात पळतं. ओहोटीच्या सहा तासांत पाणी एकसारखं उतरत नाही. जुना बाराव्या हिश्श्याचा नियम असा: पहिल्या तासात एकूण उतरणीचा एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे अर्धं पाणी मधल्या दोन तासांत जातं. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीला, अरुंद खाडीच्या तोंडावर या दोन तासांत ताशी ४-५ किलोमीटरचा ओढ असू शकतो. भरलेली कयाक घेऊन माणूस आरामात वल्हवतो तोही ताशी ४-५ किलोमीटरनेच. तो माड जागचा का हलत नव्हता, हे यावरून लक्षात येईल.

आता यात वारा मिळवा. कोकणात थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा चढतो. मालवण पट्ट्यात पौर्णिमा-अमावास्येला भरती अकराच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे ओहोटीचा सगळ्यात जोराचा वेळ दुपारी एक ते तीन. खाऱ्या वाऱ्याचा जोरही नेमका तेव्हाच. वारा आत येतोय आणि पाणी बाहेर जातंय, म्हणून लाटा आखूड आणि उभ्या होतात. उधाणाच्या दिवसांत खाडीतून बाहेर पडणार असाल तर भरती संपायच्या आत, अकराच्या आधी, परत आत या.

अष्टमीच्या आसपास, भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, चित्र बरोबर उलटं होतं. भरती पहाटे पाचच्या सुमारास संपते आणि ओहोटी तुम्हाला हळूहळू बाहेर नेते. अकराला पाणी फिरतं. मग चढती भरती आणि चढता खारा वारा दोघंही तुम्हाला घराकडे ढकलतात, आणि ओढही कमी असतो. नव्या जागी पहिली फेरी मी अष्टमीलाच ठेवतो. उधाणाला मासा जास्त चालतो असं बरेच जण सांगतील, आणि खाडीतल्या जिताड्यासाठी, तांबोशीसाठी ते खरंही असेल. पण पहिली फेरी जागा समजून घेण्यासाठी असते.

उपग्रहाच्या नकाशावर विसंबणं

मोबाइलवर संगम सुंदर दिसतो. निळं पाणी, मधे पांढरी वाळू. पण तो फोटो कधीचा आहे? खाडीच्या तोंडावरची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षी जिथून होडी जायची तिथे यंदा गुडघाभर पाणी असतं, आणि त्या उथळावर लाट फुटते. आदल्या दिवशी ओहोटीला जाऊन काठावर तासभर बसा. लाट कुठे फुटते, मच्छीमारांच्या होड्या कुठल्या रेषेतून ये-जा करतात, कुठली खडपं उघडी पडतात, ते बघा आणि वहीत काढून ठेवा. हा एक तास सगळ्या ॲपपेक्षा जास्त सांगतो.

लाटेचा अंदाज बघताना नुसती उंची बघू नका. दोन लाटांमधल्या सेकंदांकडेही बघा. एक मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर कयाक हलते, त्रास होतो, पण निभावतं. तीच एक मीटर १६ सेकंदांची असेल तर ती दूरच्या वादळातून निघून आलेली असते. खोल पाण्यात ती जाणवतही नाही, आणि उथळावर येऊन अचानक उंच होऊन फुटते. वारा नाही, आकाश निरभ्र आहे, तरी किनाऱ्यावर धडाधड लाटा, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे रोज देते. निघायच्या आदल्या रात्री आणि पहाटे, दोन्ही वेळा बघा.

नोव्हेंबर आला म्हणजे समुद्र निवांत झाला, असंही धरून चालू नका. फयान चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मधलं, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या मच्छीमार घरांत त्याची आठवण अजून ताजी आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात मासेमारीबंदी असते. ती यांत्रिक नौकांना आहे, वल्ह्याच्या होडीला नाही, असा युक्तिवाद करून पावसाळ्यात बाहेर पडणारे मी पाहिले आहेत. कायद्याचं काहीही असो, ज्या समुद्रात ट्रॉलर बांधून ठेवतात तिथे चार मीटरची कयाक नेऊ नये.

कुठे गळ टाकायचा नाही हे न विचारणं

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासच्या बुडालेल्या खडकांचा. गोब्रा मासा हवा म्हणून माणूस नेमका त्या खडपांकडे ओढला जातो. तिथे गळ टाकू नका.

रापण सुरू असेल तर तिथून लांब राहा. किनाऱ्यावर दोन टोकांना माणसं दोर ओढताना दिसली, मधे अर्धवर्तुळात जाळं असलं, की ते पाणी त्यांचं. मधून कयाक नेली तर मासळी बिथरते आणि पंचवीस-तीस माणसांची सकाळची मजुरी जाते. पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे कॅन, थर्माकोलचे तुकडे म्हणजे खाली कुणाचं तरी जाळं आहे. त्याला कयाक बांधू नका, त्याच्याजवळ गळही सोडू नका.

आणि जाण्याआधी भेटा. जेट्टीवर जाऊन कुठल्याही तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) सांगा, मी इथून निघतोय, अमक्या दिशेला जातोय, अमक्या वेळेला परत येतोय. जवळच्या सागरी पोलीस ठाण्यालाही कळवा आणि ओळखपत्र वॉटरप्रूफ पाकिटात बरोबर ठेवा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी नावेची चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. परदेशातून सुट्टीवर आलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: तिकडे सर्रास वापरतात ते उपग्रह संदेशयंत्र किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. हातातल्या व्हीएचएफ (सागरी रेडिओ) संचालाही परवाना लागतो.

कडेला नांगर बांधणं

ही चूक माणसाला सरळ पाण्यात फेकते. मासा लागतोय, कयाक वाहून जातेय, म्हणून घाईत नांगर टाकून दोर बसायच्या जागेजवळच्या कडीला बांधला जातो. ओढ असलेल्या पाण्यात कयाक आडवी होते, दोर ताणतो, कड खाली दबते, पाणी वर चढतं, आणि कयाक उलटते. दोर नेहमी नाळेला (पुढच्या टोकाला) किंवा मागच्या टोकाला असावा. त्यासाठी कडेने पुढे-मागे सरकणारी दोरी आणि दोन पुल्या लावून घ्या. नांगराच्या दोराला तरंगणारा गोळा बांधा आणि एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारा. खडपात नांगर अडकला की सोडून द्या. गोळा बघून नंतर येऊन काढता येतो. खाडीच्या तोंडावर, मधल्या ओहोटीत, नांगर टाकूच नका.

सामान भरलं, पण बांधलं नाही

वल्हं दोरीने कयाकला, रॉड दोरीने, पक्कड दोरीने. लाइफ जॅकेट अंगात, बकल लावलेलं. पायाशी ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर हाताला लागत नाही. निघण्याआधी मागचं बूच घट्ट आहे ना, झाकणांची रबरं नीट बसलीत ना, हे बोट फिरवून बघा. पाणी माणशी तीन लिटर तरी.

उलटलेली कयाक सरळ करून परत वर चढणं हे छातीभर पाण्यात, मित्र जवळ असताना, दहा वेळा करून बघा. ज्याला हे जमत नाही त्याने खाडीच्या बाहेर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

किनारा फार लांब वाटत नाही, यातही फसगत आहे. कयाकवर डोळे पाण्यापासून जेमतेम ८० सेंटिमीटर वर असतात, तिथून क्षितिज साधारण सव्वातीन किलोमीटरवर येतं. त्या पलीकडे वाळू दिसेनाशी होते, फक्त माडांचे शेंडे उरतात. वाळू दिसत असेल तोवरच पुढे जा.

अडकलातच तर

खाडीच्या तोंडाशी ओढात सापडलात तर त्याच्याशी झुंजू नका. मी त्या दिवशी वीस मिनिटं ताकद घालवली, मग वल्हं थांबवून आजूबाजूला बघितलं. देवबागची पट्टी अरुंद आहे. मी तोंड सोडून उत्तरेला, समुद्राच्या बाजूने वळलो, लहान लाटांत वाळूवर उतरलो आणि कयाक ओढत पलीकडे खाडीकाठी नेली. म्हणून आता नकाशावर मी आधीच दोन-तीन पर्यायी उतरायच्या जागा खुणावून ठेवतो. लाटांत उतरताना मोठ्या लाटांचा गट जाऊ द्या, मग त्यांच्या पाठोपाठ या, कयाक लाटेला आडवी होऊ देऊ नका.

वारा बाहेर ढकलत असेल तर खाली वाका, अंग लहान करा, आणि वाऱ्याच्या तिरक्या दिशेने किनारा गाठा. उलटलात आणि वर चढता आलं नाही तर कयाक सोडू नका. पोहत निघालेलं डोकं होडीवरून दिसत नाही, रंगीत कयाक दिसते. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. निघण्याआधी फोनमध्ये घालून ठेवा, आणि किनाऱ्यावर थांबलेल्या माणसालाही द्या. किती वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करायचा, ते त्याला स्पष्ट सांगा.

शेंगाळा माशाचा काटा किंवा पाकट या चपट्या माशाची नांगी लागली तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. मग दवाखान्यात जा. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतं.

त्या संध्याकाळी ते काका पुन्हा भेटले. मी काहीच बोललो नव्हतो, पण ओल्या वाळूत कयाक ओढल्याचा चर त्यांनी पाहिला होता. त्यांनी काडी घेऊन वाळूत खाडीचं तोंड काढलं, नवा उथळ भाग कुठे झालाय तो दाखवला, आणि म्हणाले, "अष्टमीक येवा. माझ्या होडीमागसून जावा."