मागचे शॉकअप घरीच रंगवताय? आधी रॉड झाका

बाइकच्या मागच्या शॉकअपची स्प्रिंग गंजली की लोक सरळ स्प्रेचा डबा मारतात आणि रंग आतल्या चकचकीत रॉडवर बसतो, मग तो वाळलेला खडबडीत रंग ऑइल सील (रॉडभोवती तेल अडवणारी रबरी कडी) घासतो अन् तेल गळायला लागतं. स्प्रिंगमधून बोट जात नाही, टेप कशी गुंडाळणार?

बागेच्या पाइपचा रॉडच्या लांबीएवढा तुकडा घ्या, लांबीत एका बाजूने उभी चीर द्या आणि स्प्रिंगच्या फटीतून सरकवत रॉडवर चढवा, खटकन बसतो.

१. त्याआधी तारेच्या ब्रशने गंज काढा, मग पॉलिश पेपर, थिनरने पुसा.
२. खालीवरच्या बुशांवर (शॉकअप बोल्टने बसतो ती रबरी टोकं) मास्किंग टेप.
३. प्रायमर, मग रंगाचे पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबून. जाड थर स्प्रिंग दबली की तडकतो, पातळच मारा.
४. पूर्ण सुकल्यावरच पाइप काढा.

पावडर कोटिंगच (रंगाची पावडर भट्टीत भाजून चढवतात ते) हवं असेल तर शॉकअप खोलून फक्त स्प्रिंग द्या, अख्खा नाही, कारण भट्टी साधारण १८०-२०० डिग्रीला चालते, सील जळतं, आणि आत गॅस भरलेला शॉकअप असेल तर फुटूही शकतो. स्प्रिंग दाबाखाली असते, स्प्रिंग दाबून धरायचं अवजार (स्प्रिंग कंप्रेसर) नसेल तर मेकॅनिककडूनच खोलून घ्या.