सोमवार कुठे येतोय ते आधी बघा: अमृतसर-दिल्लीची तयारी

धाकटी नणंद फेब्रुवारीत सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन अमृतसर-दिल्लीला निघालीय. “वहिनी, तुम्ही जाऊन आलात, मला यादी द्या ना.” दोन ओळींत दिली असती, पण आमच्या ट्रिपचे तिला फक्त फोटो पाठवले होते, काय झालं ते सांगितलं नव्हतं. आता सांगते.

पहिलं काम, तिकिटांच्याही आधीचं: कॅलेंडर घ्या आणि सोमवार कुठे येतोय ते बघा. दिल्लीत सोमवार नको. लाल किल्ला सोमवारी बंद. अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, नॅशनल म्युझियम बंद, पंतप्रधान संग्रहालय बंद, आणि ज्याच्यासाठी आमचा मुलगा महिनाभर नाचत होता ते रेल म्युझियमही बंद. आमच्याकडे दिल्लीसाठी अख्खा असा एकच दिवस होता. तो सोमवार होता.

बरं, सोमवार विसरायची आमच्या घरात सोयच नाही. सासूबाईंचा सोमवार असतो. त्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, खजूर असं सगळं मी वेगळ्या डब्यात आठवणीने बांधून घेतलं होतं. म्हणजे दिल्लीत आपण सोमवारी असणार हे मला पुरतं ठाऊक होतं. दिल्लीचाही उपवास असतो एवढंच ठाऊक नव्हतं. हॉटेलांचे रिव्ह्यू तीन रात्री जागून वाचले, किल्ल्याचा वार बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

सकाळी साडेनऊला आम्ही सहाजण लाल किल्ल्यासमोर. धुकं एवढं की बुरूज नुसते करड्या डागांसारखे. मुलाने वहीत किल्ल्याचं चित्र काढून आणलं होतं, खऱ्याशी ताडून बघायला. मी मेट्रोतून उतरल्यापासून “आता बघ हं, आता बघ” करतेय. दोरीपाशी उभा असलेला शिपाई आमच्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, आज मंडे है.” असं म्हणाला की जणू मंडे काल रात्रीच जाहीर झालाय. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार.

त्यातून एक बरं झालं, तेही सांगून टाकते. समोरच चांदनी चौकाच्या तोंडाशी, जैनांच्या लाल मंदिराला लागून गौरीशंकराचं देऊळ आहे. आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने १७६१ मध्ये ते बांधलं असं सांगतात. सासूबाई तिथे पाऊण तास बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “महादेवाला कुठे सुटी असते?” हे वाक्य आमच्या घरात अजून ऐकायला मिळतं, बहुतेक मी काहीतरी विसरले की.

आता तिकिटं. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं. पूर्वीचे १२० दिवस डोक्यात असतील तर काढून टाका, नोव्हेंबर २०२४ पासून ते बदललंय. मराठवाड्यातून जाणाऱ्यांना नांदेड-अमृतसर सचखंड एक्सप्रेस सोयीची, मध्ये बदलाबदली नाही. ज्येष्ठांना खालचा बर्थ हवा असेल तर तिकीट काढतानाच वय नीट भरा, नंतर डब्यातल्या तरुणांच्या दयेवर राहू नका. नावं आधार कार्डावर आहेत तशीच टाका. ओळखपत्रं मूळ, झेरॉक्स नको. आणि तिकिटाचं बटण दाबायच्या आधी, पुन्हा सांगते, बोटावर वार मोजा. दिल्लीत रविवारी रात्री पोचणारी गाडी दिसायला फार सोयीची वाटते. आम्हालाही वाटली होती.

सचखंडला निघताना एक रिकामा डबा, वाटी आणि चमचे वरच्या पिशवीत ठेवा. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी प्रवाशांना लंगर वाढतात, कढीभात, खिचडी, छोले असं काहीबाही, पैसे घेत नाहीत; मात्र भांडं तुमचं लागतं. आमच्या डब्यातले जाणते प्रवासी गाडी हळू होताच भांडी घेऊन दाराशी उभे. आम्ही बिस्किटाच्या पुड्याचा ट्रे पुढे केला. त्यातून कढी कशी गळते ते मी बघितलंय. लंगर मिळेल म्हणून घरून काही न्यायचं नाही असं मात्र करू नका. गाडी उशिरा धावली की सगळं पुढेमागे होतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, नेहमीचंच.

कपड्यांबद्दल एवढंच की डिसेंबर-जानेवारीत आपला स्वेटर तिथे शर्टासारखा असतो. आतून थर्मल, वरून जाड जाकीट, कानटोपी. फेब्रुवारीच्या शेवटी थोडं सैल. धुक्याच्या दिवसांत गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, म्हणून एका गाडीतून उतरून दोन तासांत दुसरी पकडायचा बेत करू नका.

हरमंदिर साहिबसाठी, म्हणजे आपण सुवर्णमंदिर म्हणतो त्यासाठी, डोकं झाकायला प्रत्येकाचा एक मोठा सुती रुमाल घरूनच न्या. तिथेही मिळतो, पण मुलांच्या डोक्यावरून तो दर दहा पावलांनी घसरतो आणि कुणीतरी सेवादार हळूच खांद्याला हात लावून सांगतो. गाठ मारता येईल असा हवा. क्रिकेटची टोपी चालत नाही. जोडा जोडाघरात फुकट ठेवतात. मोजेही काढावे लागतात आणि आत शिरताना पाय वाहत्या पाण्यातून धुऊन जावं लागतं, मग ओल्या पायांनी थंडगार संगमरवर. म्हाताऱ्या माणसांसाठी छोटा टॉवेल आणि मोज्यांचा कोरडा जोड पिशवीत पाहिजेच. खिशात तंबाखूची पुडी असेल तर ती हॉटेलातही ठेवू नका, घरीच सोडा. सासऱ्यांना हे मी सांगितलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. मुख्य मंदिराच्या आत फोटो काढायचे नाहीत, हे मुलांना आधीच बजावा.

दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास सहज जातात, शनिवार-रविवारी जास्तच. त्यापेक्षा पहाटे जा. अकाल तख्तावरून गुरु ग्रंथ साहिब पालखीतून दरबारात आणतात तो सोहळा पहाटेचा असतो, वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आदल्या संध्याकाळी तिथेच विचारून ठेवा. लंगरला मात्र सगळ्यांनी बसायचंच. पंगत जमिनीवर असते, गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी सांगा. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची आणि पानात काही टाकायचं नाही.

निघण्याआधी मुलांना थोडं वाचून दाखवा, नाहीतर त्यांना सोनं सोडून काही दिसत नाही. सोन्याचा पत्रा महाराजा रणजितसिंहांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकातला. ग्रंथ इथे आला तो १६०४ मध्ये, गुरु अर्जनदेवांच्या हयातीत. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. परिक्रमेत बसल्याबसल्या सासऱ्यांनी शेजारच्या सरदारजींना “नामदेव हमारे उधर के” असं सांगितलं, त्यावर ते म्हणाले, “भगत नामदेव जी? वो तो हमारे हैं.” दोघंही अर्धा तास हिंदीत भांडत होते, फार आनंदात.

आणि इथेच माझ्या सोमवाराचं उत्तर होतं, ते मला घरी आल्यावर सुचलं. घुमान. गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव, अमृतसरहून गाडीने दीडएक तासावर. नामदेवांनी पंजाबात सुमारे वीस वर्षं काढली आणि घुमानला वास्तव्य केलं अशी परंपरा आहे. तिथे त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. २०१५ मध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. पंढरपूरच्या पायरीला इतक्या वेळा हात लावून आलेली आमची माणसं अमृतसरपर्यंत गेली आणि घुमान न बघता परतली, कारण रविवारी दुपारची दिल्लीची गाडी गाठायची होती. कशासाठी, तर सोमवार दिल्लीत काढायला!

तेव्हा बेत असा करा. गुरुवारी निघा, शुक्रवारी रात्री अमृतसर. शनिवार हरमंदिर साहिब आणि जालियनवाला बाग. रविवारी पार्टिशन म्युझियम आणि उरलेलं शहर. सोमवारी घुमान; गुरुद्वाऱ्याला साप्ताहिक सुटी नसते. मंगळवारी सकाळच्या शताब्दीने दिल्ली. पार्टिशन म्युझियम रविवारीच का, हे विचारू नका. बरं, विचारा: तेही सोमवारी बंद असतं. टाउन हॉलमध्ये आहे, २०१७ पासूनचं. आजी-आजोबांना तिथे घाई करू नका. नुसत्या कुलपं, किल्ल्या आणि पेट्यांसमोर माणसं थांबतात.

जालियनवाला बागेला तिकीट नाही. १३ एप्रिल १९१९ ला सैनिक ज्या अरुंद बोळातून आत शिरले त्याच बोळातून आपणही जातो, हे मुलांना आत जायच्या आधी सांगा. नंतर सांगून उपयोग नाही, तोवर ती पुढे पळालेली असतात. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. तिथे सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

अटारीला, म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर झेंडा उतरवण्याचा सोहळा बघायला, जाणार असाल तर पिशव्या आत नेऊ देत नाहीत, पर्ससुद्धा. खिशात मावेल तेवढंच. दुपारीच निघा, वेळ हिवाळ्या-उन्हाळ्यात बदलते. रिक्षावाल्याशी येण्या-जाण्याचं एकदमच ठरवा, आणि तो कुठे उभा राहणार त्या जागेचा फोटो काढून ठेवा. परत येताना अंधारात सगळ्या रिक्षा सारख्या.

आता दिल्ली. इथवर माझाच दम गेलाय, म्हणून थोडक्यात. मंगळवारी लाल किल्ला, तिकीट ऑनलाइन काढा, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास जात असाल तर किल्ला इतर वारीही बंद असतो, तेवढं बघून घ्या. तिथूनच चालत शीशगंज गुरुद्वारा. गुरु तेगबहादुरांचा शिरच्छेद १६७५ मध्ये झाला ती जागा. अमृतसर बघून आलेल्यांना इथे वेगळं सांगावं लागत नाही, फक्त रुमाल मोठ्या बॅगेच्या तळाशी गेलेला नसावा. बुधवारी अक्षरधाम: मोबाईल, कॅमेरा, बॅग काहीही आत नाही, सगळं बाहेर जमा करायचं. एकमेकांना हरवलात तर भेटायची जागा आधी ठरवा आणि सासऱ्यांच्या खिशात नवऱ्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण पाठ कुणालाच नसतो. गुरुवारी परतीची गाडी रात्रीची मिळाली तर संध्याकाळी निजामुद्दीनच्या दर्ग्यात कव्वाली ऐकता येते. जवळच हुमायूनची कबर. प्राणिसंग्रहालयाचं मुलांनी डोकं खाल्लं तर ते शुक्रवारी बंद असतं. दिल्लीत प्रत्येक गोष्टीला आपापला वार आहे, पण सोमवाराएवढा लबाड दुसरा नाही.

आणि एवढं वाचूनही तिकीट न मिळाल्यामुळे सोमवार दिल्लीतच पडला, तर रडत बसू नका: कुतुबमिनार, हुमायूनची कबर, बंगला साहिब, शीशगंज, गौरीशंकर, सगळं उघडं असतं. पण मग मुलांना रेल म्युझियमचं नाव आधी सांगू नका. आमच्या मुलाने वहीतलं ते किल्ल्याचं चित्र गाडीत पूर्ण केलं आणि दारावर कुलूप काढलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मेट्रोचं कार्ड घ्या. औषधं हातातल्या पिशवीत. पॉवर बँक. सुटे पैसे. उपवासाचा डबा घ्याच, दिल्लीत भगर शोधत फिरू नका. घरचं तुम्हाला माहीत आहे, गॅस, नळ, दूधवाला, कुंड्या. तिकीट काढून झालं असेल तर मला वार कळव, नणंदबाई. तारीख नको, वार.