बाटलीतले फुफ्फुस: छातीची प्रतिकृती कशी करावी आणि ती कुठे चुकते

श्वास घेताना फुफ्फुसे हवा ओढतात असे मुलांना वाटते, आणि पुष्कळ मोठ्या माणसांनाही. वस्तुतः हवा ओढून घेईल असा एकही स्नायू फुफ्फुसात नाही. छातीचा पिंजरा आधी मोठा होतो, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि मग बाहेरची हवा आत शिरते. हा क्रम उलटा डोक्यात बसला की पुढचे सगळेच उलटे बसते. म्हणून इंदूरला माझ्याकडे विज्ञान शिकायला येणाऱ्या मुलांकडून मी दर वर्षी ही प्रतिकृती करून घेते. शाळेत ती हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात आणि ‘श्वासपटल’, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, हा शब्द बहुधा आमच्या ओसरीवरच त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडतो.

सामान थोडेच लागते: एक लिटरची जाड प्लास्टिकची बाटली, दोन लहान फुगे, एक मोठा फुगा, रबरबँड, चिकटपट्टी, एम-सील आणि ‘वाय’ आकाराचा जोड. हा जोड स्टेशनरीच्या दुकानांत शोधत बसू नये. माशांच्या टाक्यांचे सामान विकणाऱ्याकडे हवेच्या नळीचे जोड मिळतात, तिथूनच वीतभर नळीही घ्यावी.

बाटलीचा तळ मोठ्या माणसाने कापून द्यावा आणि कापलेल्या कडेवर चिकटपट्टी दुमडून लावावी, नाहीतर त्या धारेवर रबर पहिल्याच ओढीत फाटते. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडून त्यातून नळी आत घ्यावी. नळीच्या खालच्या टोकाला जोड बसवावा आणि जोडाच्या दोन्ही फांद्यांवर लहान फुगे रबरबँडने घट्ट बांधावेत. ते फुगे आधी दोन-तीन वेळा तोंडाने फुगवून सैल केलेले असावेत, कारण कोरा फुगा एवढ्याशा दाबाला दाद देत नाही. झाकण लावून नळीभोवतीची फट एम-सीलने बुजवावी आणि ते पूर्ण वाळू द्यावे. शेवटी मोठ्या फुग्याचे तोंड कापून टाकून उरलेले रबर बाटलीच्या उघड्या तळावर ताणून बसवावे; हेच आपले श्वासपटल.

आता या रबराचा मधला भाग चिमटीत धरून दोन-तीन सेंटिमीटर खाली ओढावा. आतले दोन्ही फुगे भरतात आणि रबर सोडताच रिकामे होतात. फुग्यांना कोणी हातही लावलेला नसतो, हे मुलांना मुद्दाम दाखवावे. छाती फुगते म्हणून फुफ्फुस फुगते, हे दाखवण्यासाठी भात्यात पिशवी बसवून पाहणारा इंग्लंडचा जॉन मेयो 17व्या शतकात होऊन गेला. आपली बाटली त्याच विचाराची आहे.

पहिल्या वर्षी मी पाण्याची नेहमीची पातळ बाटली वापरली होती. रबर खाली ओढले तेव्हा फुगे तसेच लोंबत राहिले आणि बाटलीच्याच कुशी ‘कट्ट’ असा आवाज करत आत गेल्या. तेव्हा मला वाईट वाटले. आता मात्र मी ती बाटली मुद्दाम आधी दाखवते, कारण बरगड्या कशासाठी आहेत हे त्या आवाजाइतके स्पष्ट मला शब्दांत सांगता येत नाही. आतला दाब कमी झाला की भिंतीही आत ओढल्या जाणार. त्या तशा जाऊ नयेत म्हणून बरगड्यांच्या 12 जोड्या आणि त्यांच्यामधले स्नायू छातीला ताठ धरून ठेवतात. न्यूमोनियाने फुफ्फुस घट्ट झालेल्या तान्ह्या बाळाची छाती मऊच असते, त्यामुळे श्वास घेताना तिचा खालचा भाग आत खेचला जातो. माळव्यात यालाच ‘पसली चलना’ म्हणतात. हे दिसले तर शेकण्यात किंवा डाम देण्यात एक क्षणही न घालवता बाळाला दवाखान्यात न्यावे.

आणखी एक प्रयोग जरूर करावा. तापवलेल्या सुईने बाटलीच्या कुशीला बारीक भोक पाडून रबर पुन्हा ओढावे. हवा आता त्या भोकातून बाटलीत शिरते आणि फुगे नीट भरत नाहीत. भोकावर बोट ठेवले की ते पुन्हा भरू लागतात. छातीला आरपार जखम झाली की फुफ्फुस धड असूनही मिटते, ते याच कारणाने.

प्रतिकृती चालू झाली की काम संपले असे समजू नये. ती कुठे चुकते हेही मुलांना सांगायलाच हवे. खरे श्वासपटल सपाट नसते, ते छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखे वर उचललेले असते. ते आकुंचन पावले की घुमट खाली बसतो, शांत श्वासात सुमारे एक-दीड सेंटिमीटर आणि खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. बाटलीत रबर खाली ओढायला आपले बोट लागते. शरीरात पडद्याचा स्नायूच ते काम करतो आणि त्याला हुकूम पोचवणाऱ्या नसा थेट मानेतून येतात. बाटलीच्या भिंती हलत नाहीत, पण बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला आणि वर उचलल्या जातात. फुगे आणि बाटली यांच्यामध्ये बोटभर हवा असते. शरीरात तिथे दोन गुळगुळीत आवरणे आणि त्यांच्यामध्ये द्रवाचा पातळ थर असतो. पाण्याने ओल्या झालेल्या दोन काचा जशा सरकतात पण सुट्या होत नाहीत, तसे फुफ्फुस छातीच्या भिंतीला धरून असते. शिवाय दोन फुगे सारखे आहेत, फुफ्फुसे नाहीत: उजव्याचे तीन खंड, डाव्याचे दोनच, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते.

यानंतर मुलाला चटईवर उताणे निजवून त्याच्या पोटावर एक पाठ्यपुस्तक ठेवावे. श्वास आत जाताना पुस्तक वर येते. हवा पोटात जाते म्हणून नव्हे, तर खाली आलेले श्वासपटल पोटातल्या अवयवांना पुढे ढकलते म्हणून. मग दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर ठेवून खोल श्वास घ्यायला सांगावे. बोटांची टोके एकमेकांपासून दूर जातात, तीच बादलीची कडी. शांत उच्छ्वासाला स्नायूंचे बळ जवळजवळ लागत नाही, ताणलेले फुफ्फुस आपोआप मिटते. मेणबत्ती विझवताना मात्र पोट आत घट्ट होते आणि ते हाताला लगेच कळते. या शांत श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा आत येते आणि तिच्यातली सुमारे 150 मिलिलिटर वाटेतच, नळ्यांमध्ये राहते. तेवढ्यासाठी फुफ्फुसातला दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम हजाराव्या हिश्शाने उतरतो.

सर्वांत मोठी चूक शेवटी सांगावी: फुफ्फुस पोकळ फुग्यासारखे नसून स्पंजासारखे असते. श्वासनलिकेला पुन:पुन्हा, वीसहून अधिक वेळा, फांद्या फुटत जातात आणि टोकांना कोट्यवधी वायुकोश असतात. एकेक कोश मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, पण सगळ्यांचा पृष्ठभाग उलगडला तर सुमारे 70 चौरस मीटर. हे पटवायला, ज्यांच्या घरी चालते त्यांनी मटणवाल्याकडून बोकडाच्या फोपशाचा एक तुकडा आणावा आणि हातमोजे घालून मुलाच्या हातात द्यावा. मधोमध कापला तरी त्यात पोकळी सापडत नाही, फक्त लहानमोठ्या नळ्यांची भोके दिसतात. तो तुकडा पाण्याच्या पातेल्यात टाकला तर तरंगतो. पाण्याखाली धरून दाबला तर त्यातून बारीक फेस निघतो आणि सोडला की तो पुन्हा वर येऊन तरंगू लागतो. आपणही कितीही जोराने श्वास सोडला तरी सव्वा लिटरच्या आसपास हवा फुफ्फुसात मागे राहतेच.