पेंटियम-एम लॅपटॉपवर डेबियन १३ सुरू होत नाही: माझा अनुभव

लक्षण: जुन्या पेंटियम-एम लॅपटॉपवर डेबियन (एक मोफत लिनक्स सिस्टीम) टाकायला पेनड्राइव्हवरून बूट करताच 'धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू' (कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, ६४-बिट प्रोसेसर हवा) असा संदेश येतो आणि सगळं तिथेच थांबतं. दोष पेनड्राइव्हचा नाही, पेंटियम-एम प्रोसेसर ३२-बिट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नलही नाही, इन्स्टॉलरही नाही.

पेनड्राइव्ह पुन्हा लिहून उपयोग नाही. लुबुंटू १८.०४ (उबुंटू लिनक्सची हलकी आवृत्ती) पीएई, म्हणजे ३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू देणारी सोय, नसल्याची तक्रार करतं. बूट करताना 'फोर्सपीएई' हा पर्याय दिल्यावर चालतं, पण त्याचा सपोर्ट २०२१ मध्येच संपला. दोन संध्याकाळी अशाच वाया गेल्या.

चाललेला क्रम असा. आधी बायोसमधली तारीख बघा. जुन्या मशीनचा सीआर-२०३२ सेल बहुधा मेलेला असतो. तारीख मागे गेली की 'ॲप्ट' (डेबियनमध्ये सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन) सर्व्हरवरची रिलीज फाइल नाकारतं आणि दोष नेटचा वाटतो. सेल नागपुरात सीताबर्डीत मिळतो. वायर जोडलेला असेल तर तसाच मागा. मग डेबियन १२ ची आय-३८६ (३२-बिट) नेटइन्स्ट इमेज, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर, पेनड्राइव्हवर लिहा, लॅन केबल लावा, 'एक्स्पर्ट इन्स्टॉल' निवडा. कर्नल विचारल्यावर '६८६' घ्या, '६८६-पीएई' नको: बऱ्याच पेंटियम-एममध्ये पीएई असूनही चिप तसं कळवत नाही. डेस्कटॉपच्या यादीत जड ग्नोमची खूण काढून हलका एलएक्सडीई ठेवा, १ जीबी रॅमला तेच झेपतं.

शेवटी ॲप्टची सोर्सेस यादी (सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते सांगणारी फाइल) उघडा. 'स्टेबल' (त्या वेळची ताजी आवृत्ती) दिसलं तर प्रत्येक ओळीत त्या शब्दाच्या जागी 'बुकवर्म' (डेबियन १२ चं नाव) करा. नाहीतर पुढचं अपग्रेड मशीनला १३ कडे ओढतं, आणि तिथे या प्रोसेसरसाठी कर्नलच नाही.